हप्ता त्याचा, किराणा तिचा: एका फ्लॅटच्या वाटणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्मिता आणि निखिल ही खरी नावं नव्हेत. नोकऱ्यांचे तपशील बदलले आहेत आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून बहुतेक लाखांत आणले आहेत. मी वकील आहे, पण या प्रकरणात दोघांपैकी कुणाचीच वकील नव्हते. दोघांनी मिळून नेमलेली मध्यस्थ होते. मारहाण, धाकदपटशा यातलं काही या घरात नव्हतं, हे आधी खात्री करून घेतलं. तसं असतं तर समोरासमोर बसून वाटणी करण्याचा हा मार्ग मी सुचवलाच नसता.

लग्न २००७ चं, मुलगी २००९ ची. निखिल चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात, स्मिता एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये. मुलगी झाल्यावर दोन वर्षं तिने नोकरी सोडली होती, २०११ मध्ये पुन्हा धरली. २०१२ मध्ये त्यांनी पुण्याच्या पश्चिम भागात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. मुद्रांक, नोंदणी, पार्किंग सगळं धरून ५७ लाख. पैकी ४० लाख गृहकर्ज, वीस वर्षांचं. उरलेले १७ लाख असे उभे राहिले: स्मिताचे दागिने मोडून, तिची एक मुदत ठेव आणि तिच्या आईकडून मिळून साडेसहा, निखिलच्या वडिलांनी, नानांनी, निवृत्तीच्या पैशांतून दिलेले आठ, निखिलची स्वतःची बचत अडीच.

करारनाम्यावर दोघांची नावं, कर्जावरही दोघांची. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून निखिलच्या खात्यातून जायचा, सुमारे ३९ हजार. घरखर्च स्मिताच्या खात्यातून. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. बँकेने ज्या खात्याचा फॉर्म भरून घेतला ते खातं निखिलचं होतं, एवढंच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये निखिल भाड्याच्या वन बीएचकेत राहायला गेला. लग्न टिकवण्याचे प्रयत्न त्याआधीच करून झाले होते. घटस्फोट परस्परसंमतीने घ्यायचा, मुलगी आईकडे राहील, यावर वाद नव्हता. वाद घरावर होता. दोघं माझ्याकडे आले तेव्हा नोव्हेंबर २०२३ उजाडला होता.

पेच काय होता

पहिल्याच बैठकीत निखिलने एक छापील तक्ता टेबलावर ठेवला. सप्टेंबर २०१२ पासून वेगळे होईपर्यंतचे हप्ते ४७ लाख ६० हजार, नानांचे आठ, स्वतःचे अडीच. त्याच्या बाजूचे ५८ लाख १० हजार. स्मिताच्या बाजूला साडेसहा. "नव्वद-दहा होतात. मी तरी पंच्याऐंशी-पंधरा म्हणतोय." हे तो उदारपणे म्हणाला, खोटेपणाने नव्हे. त्या तक्त्यावर त्याचा खरंच विश्वास होता.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. महाराष्ट्रात हिंदू पती-पत्नींना लागू असलेल्या कायद्यात लग्नानंतर कमावलेली मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतं आहे. दोघांच्या नावावर घेतलेल्या घराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं: दोघांनी वेगवेगळे पैसे घातले असतील तर हिस्सा त्या प्रमाणात, आणि कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर सारखा. निखिलकडे पुरावा होता. बँकेच्या पासबुकात प्रत्येक हप्ता दिसत होता.

स्मिताची एक मावशी म्हापशाला असते. तिने फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडे असतीस तर निम्मं तुझंच होतं." ते खरं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरतात आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा असतो. सावंतवाडीच्या अलीकडे आलं की नियम बदलतो. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीचा सारखा वाटा मान्य केला, तो निकाल स्मिताच्या वकिलांनी आणला होता. दिशा कळण्यासाठी चांगला, पण इथल्या न्यायालयांना तो बंधनकारक नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

स्मिताचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "मग दहा वर्षं जेवलो काय आपण?"

हप्ता आणि दुधाचा हिशेब

दुसऱ्या बैठकीला ती एक कापडी पिशवी घेऊन आली. आत भिंतीवरच्या दिनदर्शिका, नऊ वर्षांच्या, मधून दुमडून दोरीने बांधलेल्या. तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात दूध दीड लिटर, दूध नाही, गॅस आला, पेपरचे दिले. मागच्या कोऱ्या जागेत महिन्याचा जमाखर्च. बाईंचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, रिक्षाकाकांचे पैसे, शाळेची फी. निखिल आधी पानं भराभर उलटत होता. मार्च २०१८ पाशी थांबला. तिथे लिहिलं होतं, "नाना – औषधं २३४०, फिजिओ ६००." नाना त्या वर्षी सहा महिने त्यांच्याकडे होते, पुढच्या वर्षी गेले. त्याने ते पान बाजूला काढून ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मी लगेच निष्कर्षाकडे गेले नाही. स्मिताच्या खात्याचे २०१९ ते २०२२ या तीन वर्षांचे तपशील काढले. घरखर्चाची सरासरी महिन्याला ४१ हजार निघाली. हप्ता होता ३९ हजार. दोघंही त्या दोन आकड्यांकडे बघत बसली.

निखिलने मग एक रास्त हरकत घेतली. "२०१३ ला हिचा पगार बावीस हजार होता. तेव्हा किराणा माझ्याच कार्डावर व्हायचा." बरोबर होतं, स्मितानेही मान्य केलं. पण म्हणून दहा वर्षांचा पैन् पै हिशेब मांडायचा का? मी नको म्हटलं. एक तर जुनी स्टेटमेंट्स मिळणार नव्हती. दुसरं, तसा हिशेब सुरू केला की त्यात मुलीच्या आजारपणात कुणी किती रजा टाकल्या इथपर्यंत जावं लागतं, आणि तिथून कुणी परत येत नाही. दिनदर्शिकांचा उपयोग नवं प्रमाण काढायला नव्हताच. हप्ता भरणारा घर विकत घेतो आणि किराणा भरणारा नुसता खर्च करतो, ही समजूत मोडायला होता. ती त्या दिवशी मोडली. पुढच्या बैठकीत नव्वद-दहाचा उल्लेख झाला नाही.

घराची किंमत ठरवताना

रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरतक्त्याने, ८४ लाख येत होते. निखिलच्या ओळखीचा एजंट १ कोटी १५ म्हणत होता. स्मिताने आणलेला मूल्यांकनकार ९८. तीन आकडे आणि प्रत्येकाला आपापला लाडका. शेवटी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच संकुलातल्या गेल्या वर्षभरातल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचे गोषवारे, काढल्या. तेवढ्याच आकाराचे दोन फ्लॅट १ कोटी १ लाख आणि १ कोटी ४ लाखांना गेले होते. १ कोटी २ लाखांवर दोघं राजी झाली.

त्याहून महत्त्वाची ठरली तारीख. ३१ जानेवारी २०२४ ही हिशेबाची तारीख धरायची, त्यानंतर भाव वर जावो की खाली, आकडा हलणार नाही. त्या दिवशी कर्ज २३ लाख बाकी होतं. म्हणजे वाटायचे ७९ लाख. फेब्रुवारीपासून हप्ता स्मिताने भरायचा.

कोणते मार्ग होते

घर विकून पैसे वाटून घेणं सगळ्यात स्वच्छ. पण मुलगी नववीत होती, शाळा चालत सात मिनिटांवर, आणि भाड्याने त्याच भागात राहायचं तर स्मिताला हप्त्याच्या जवळपास भाडं पडलं असतं. घर निखिलने ठेवायचं हा पर्याय त्यानेच नाकारला. दोन्ही नावं तशीच ठेवून मुलीची बारावी झाल्यावर विकायचं, हेही बोलून झालं. तीन वर्षं दुरुस्ती कुणी करायची, नवं कुणी घरात राहायला आलं तर काय, असे प्रश्न निघाले आणि दोघांनीही मान हलवली.

नातेवाइकांचा लाडका पर्याय वेगळाच होता: "मुलीच्या नावावर करून टाका, भांडणच नको." निखिलच्या आईंचं हे म्हणणं, स्मिताच्या भावाचंही. ऐकायला छान. पण अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावावरची मालमत्ता विकायची किंवा गहाण ठेवायची तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. घरावर २३ लाखांचं कर्ज उभं. आई-वडील दोघंही बेघर आणि पोरीच्या डोक्यावर घर, असला प्रकार. मी हा सल्ला देणाऱ्यांशी आता वाद घालत नाही. कर्ज कोण फेडणार एवढंच विचारते.

उरला तो मार्ग: स्मिताने घर ठेवायचं आणि निखिलचा हिस्सा विकत घ्यायचा.

हिस्सा कसा ठरला

सुरुवातीला ज्याने जे रोख घातलं ते त्याचं त्याला परत, त्यावर व्याज किंवा वाढ न धरता. स्मिताला साडेसहा, निखिलला साडेदहा.

त्या साडेदहात नानांचे आठ होते आणि तिथे साताऱ्याहून निखिलच्या थोरल्या भावाचा फोन आला. नानांनी दिलेले पैसे उसने होते, म्हणून त्यात आपलाही वाटा, असं त्याचं म्हणणं. कागद कुठलाच नव्हता, नानांच्या खात्यातून निखिलच्या खात्यात पैसे गेल्याची एक नोंद तेवढी होती. मी ते निखिलला मिळालेले पैसे धरले आणि भावाभावांचा हिशेब या टेबलाबाहेर ठेवला. स्मिताचं मत होतं की नानांनी ते "दोघांना" दिले होते. ती कदाचित खरंही बोलत असेल. पण तिने तो मुद्दा सोडला, आणि का सोडला ते तिने सांगितलं नाही.

मग वेगळं झाल्यानंतरचे पंधरा हप्ते. ते निखिलने भरले होते, स्वतःचं भाडं वेगळं भरून. त्यात सुमारे तीन लाख मुद्दल फिटलं होतं. मुद्दल त्याच्या बाजूला धरलं, व्याजाचा भाग मुलीच्या निवाऱ्याचा खर्च म्हणून सोडून दिला.

७९ मधून साडेसहा, साडेदहा आणि तीन वजा केले की ५९ उरतात. ते निम्मे. स्मिताचे ३६ लाख, निखिलचे ४३.

अंमलबजावणी, आणि जिथे गाडी अडली

४३ लाख आणायचे कुठून? इथे मी चूक केली होती. चार बैठका प्रमाणावर गेल्या आणि बँकेला कुणीच विचारलं नव्हतं. दोघांचा समज असा, की समझोता झाला की बँक निखिलचं नाव कर्जातून काढेल. बँकेने सांगितलं, न्यायालयात तुमचं काहीही ठरो, आमच्यासाठी दोघंही पूर्ण कर्जाला बांधील. नाव काढायचं तर एकटीच्या पगारावर नवी पात्रता. स्मिताच्या हातात महिन्याला ७४ हजार यायचे. वय ४३, साठपर्यंत सतरा वर्षं. पावणेनऊ टक्क्यांनी जास्तीत जास्त ३८ लाख बसत होते, हप्ता पस्तीस हजार आठशेच्या घरात. त्या बँकेने महिनाभर घोळ घातला म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवलं. जुने २३ फेडून हातात १५ लाख.

बाकी जुळवाजुळव अशी झाली. स्मिताच्या एकरकमी पोटगीचे १२ लाख निखिल देणं लागत होता, ते वळते केले. म्युच्युअल फंड आणि ठेवी मिळून दोघांचे १४ लाख होते, त्यातला तिचा सात लाखांचा वाटा त्याला गेला. तिच्या आईने चार लाख दिले. उरलेले पाच लाख ३० जून २०२७ पर्यंत, बिनव्याजी. मुलीच्या संगोपनाचे दरमहा १५ हजार यात मिसळायचे नाहीत, हे मी ठाम धरलं. आईबापांच्या सौद्यात मुलीचा हक्क सोडून देता येत नाही.

मग मुद्रांक शुल्क. हे तर कुणाच्याच तक्त्यात नव्हतं, माझ्याही नाही. वडिलोपार्जित मालमत्तेचं नात्यातलं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं. हे घर विकत घेतलेलं आणि हिस्सा मोबदला घेऊन सोडलेला, म्हणजे विक्रीसारखाच दर. साडेतीन लाखांच्या आसपास, वर नोंदणी फी तीस हजार. कुणीतरी सुचवलं, बक्षीसपत्र करा, पती-पत्नींमध्ये राहत्या घराचं मुद्रांक दोनशे रुपये. पण पैसे देऊन-घेऊन केलेल्या व्यवहाराला बक्षीस म्हणायचं तर दस्तात खोटं लिहावं लागतं, आणि पाच लाख तर अजून यायचेच होते. बक्षिसाची बाकी रक्कम कशी वसूल करणार? नाही म्हटलं. या साडेतीन लाखांवरून जमलेलं सगळं मोडतं की काय अशी एक संध्याकाळ गेली. शेवटी निम्मे-निम्मे भरले. संमतीच्या हुकूमनाम्यावरच, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशावरच, हस्तांतर होईल का, हेही पाहिलं होतं, पण नव्या बँकेला गहाणासाठी नोंदणीकृत दस्तच हवा होता.

प्राप्तिकराची भीती मात्र फुकट गेली. खरेदी २०१२-१३ ची, तेव्हाचा खर्च महागाई निर्देशांक, म्हणजे जुनी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्यासाठी सरकारने ठरवलेला आकडा, २००. २०२४-२५ चा ३६३. ५७ लाखांचे त्या हिशेबाने १ कोटी ३ लाखांवर होतात. निखिलला भांडवली नफ्यावर कर लागलाच नाही.

आधी कोण, हा प्रश्न

स्मिताला धास्ती: पैसे दिले आणि त्याने घटस्फोटाची संमती काढून घेतली तर? परस्परसंमतीच्या अर्जात हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, सर्वोच्च न्यायालयाने ते १९९१ मध्येच सांगितलं आहे. निखिलला धास्ती: घटस्फोट झाला आणि पैसे अडकले तर? म्हणून टप्पे केले. जून २०२४ मध्ये शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज आणि समझोत्याच्या अटी. वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असल्याने अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अर्ज सोबतच दिला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाच्या आधारे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी दस्त नोंदणी आणि बँकेचे १५ लाख. फंडांचे सात लाख त्याच आठवड्यात. चार लाखांचा डीडी स्मिताने हुकूमनाम्याच्या दिवशी न्यायालयातच दिला, ऑगस्टच्या शेवटी.

निकाल, आणि आता वेगळं काय करेन

घर राहिलं, मुलगी दहावी त्याच शाळेतून झाली. निखिलने त्या पैशांतून वारज्याला लहान फ्लॅट घेतला.

पुन्हा असं प्रकरण आलं तर पहिल्या आठवड्यात बँकेचं पात्रतेचं पत्र मागवेन, प्रमाणावर एक शब्द बोलायच्या आधी. स्मिताची ऐपत ३८ ऐवजी ३० लाखांची निघाली असती तर आमचं सगळं गणित कागदावरच राहिलं असतं आणि घर विकावं लागलं असतं. मुद्रांकाचा आकडाही पहिल्याच तक्त्यात घालेन.

सुरुवातीची रक्कम बिनवाढ परत दिली, ते न्याय्य होतं का, याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. २०१२ चे मोडलेले दागिने आणि २०२४ चं सोनं यांचा भाव सारखा नाही. सोन्याच्या भावाने धरलं असतं तर स्मिताचा वाटा बराच वाढला असता. तिने मागितलं नाही, आणि मध्यस्थाने सुचवावं का, यावर सहकाऱ्यांशी माझा वाद झाला आहे.

आणि ते पाच लाख. त्यांना तारण काही नाही, समझोत्यातली एक अट एवढंच. निखिलच्या वकिलांनी घरावर बोजा मागितला होता, पण बँकेने दुसरा बोजा चालणार नाही म्हटलं. स्मिताने सप्टेंबर २०२४ पासून १३,३०० ची आवर्ती ठेव सुरू केली आहे. पहिली पावती तिने निखिलला पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

सोसायटीच्या भागदाखल्यावरचं नाव बदलायला सात महिने लागले. विजेचं बिल अजून निखिलच्या नावावर येतं.